पोट पडलेली नळी

उताराने वाहणे हा पाण्याचा स्वभाव आहे, त्यात पाण्याची थोरवी नाही. थोरवी आहे ती पुढे चढ दिसत असूनही चालत राहणाऱ्याची. सज्जनहो, अशाच एका चालणारीचे चरित्र आज आपल्यापुढे मांडतो. तिचे नाव केशर नागू वेळीप. ती संत नव्हे, पुढारी नव्हे, कुणी राजकन्याही नव्हे. जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याच्या पुढे जिथे गाडीरस्ता संपतो आणि पायवाट रानात शिरते, तिथल्या पाच-सात घरांच्या वाडीत भात पिकवणाऱ्या एका कुणब्याची ती लेक. नारायणाने तिला रूप साधे दिले, आवाज बारीक दिला, आणि निश्चय मात्र सागवानी दिला.

कुंभारवाड्याची शाळा संपली तेव्हा ती रामनगरला नातलगांकडे राहून शिकली. रामनगरचे शिक्षण संपले तेव्हा बेळगावला गेली. अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा वाडीला वाटले की आता झाले. पण केशरने त्यापुढच्या पदवीसाठी नाव घातले आणि विषय निवडला तो असा की, तो आईला समजावताना तिला स्वतःलाच तो नव्याने समजला.

"आई, जमिनीच्या पोटातून खनिज तेल निघतं ना, ते एकटं येत न्हाई. त्याच्यासंगं वायू येतो. दोघंबी एकाच नळातून न्यायचे असतात."

"मग न्यावेत की," रुक्मा म्हणाली. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"एका अरुंद वाटेनं एक म्हातारा आणि एक वासरू चाललंय असं समज. तेल म्हंजे म्हातारा, घट्ट, पाय ओढत चालणारा. वायू म्हंजे वासरू. म्हाताऱ्याला ओलांडून पळायला बघणार. नळाच्या तोंडाशी किती जोर लावला म्हंजे दोघंबी पलीकडं पोचतील, हे नळ टाकायच्या आधी गणितानं सांगायचं. त्या गणिताला प्रतिमान म्हणतात."

"वासरू पुढं सोडावं, म्हातारा मागनं येईल," रुक्मा म्हणाली आणि सूप झटकले.

या विनोदात केवढे शास्त्र होते ते त्या वेळी दोघींनाही ठाऊक नव्हते. असो.

केशरचे मार्गदर्शक होते प्राध्यापक दत्तात्रय हेरेकर. मनाने उदार, शिस्तीने कडक, आपल्या शास्त्रात पारंगत. त्यांच्या प्रयोगशाळेत लांब टेबलावर काचेची नळी आडवी ठेवलेली होती. तिच्यात केशर एका बाजूने घट्ट एरंडेल सोडी आणि त्याच तोंडाने हवा सोडी, कारण शिकण्याच्या जागी जळणारा वायू कोण वापरील? नळीच्या तोंडाशी दाबाचा काटा होता. गणिताने जो आकडा सांगितला, तो आकडा काटा दाखवी. सर प्रसन्न झाले.

"झालं तुझं काम. आता लिहून काढ."

"सर, ही नळी टेबलावर आहे."

"मग कुठे असायला हवी?"

"जमिनीवर. खरा नळ डोंगरातून जातो, चढतो, उतरतो. आमच्या वाडीत ताट सपाट ठेवायलासुद्धा खाली लाकडाची ढलपी घालावी लागते."

सर हसले, पण तिच्या डोळ्यांत पाहून थांबले. "केशर, तुला मुदतवाढ एकदा मिळालेली आहे. दुसरी मिळणार नाही. महाशिवरात्रीपर्यंत तुला वाडीत जाऊन काय करायचे ते कर. तोवर डोंगरातल्या नळीचा उलगडा झाला तर तो प्रबंधात घालू. नाही झाला, तर टेबलावरचे काम सादर करायचे आणि सही करायची की, हे काम पूर्ण आहे."

सज्जनहो, पेच नीट ध्यानात घ्या. पदवी तिला दोन्ही वाटांनी मिळणार होती. पण एका वाटेवर, जे अपुरे आहे असे तिला ठाऊक होते, त्याला पूर्ण म्हणून तिला सही करावी लागणार होती. काहींना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. केशरला ती प्राणाएवढी होती.

एकोणीसशे ब्याण्णव साल उजाडले. भाताची कापणी होऊन गेली होती, शेताच्या पायऱ्या मोकळ्या पडल्या होत्या. रामनगरचा परशू जंगलातून लाकूड वाहणारी लॉरी चालवी. त्याच्या लॉरीतून कॉलेजचे एरंडेलाचे पिंप वाडीच्या तोंडाशी उतरले. ते पाहायला सगळी वाडी जमली. त्यात केशरचा मामा लखूही होता.

"काय गे रुक्मा," लखूमामाने पिंपावर थाप मारली, "सगळ्या तालुक्याला जुलाब देणार काय तुझी लेक?"

"गप रे दादा. ते कुणाला पाजायचं न्हाई."

"मग एवढं आणलं कशाला? एक चमचा माझं दोन दिवस काम करतं."

परशू म्हणाला, "मामा, मी वाटेत वास घेतला, तर लॉरीच नीट चालंना."

त्या हशातच पिंप खांद्यांवर चढले आणि वरच्या शेताच्या बांधावर जाऊन बसले. तिथून केशरने पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी सोडली. नळी उतरली, कोरड्या ओहोळाच्या खोलगटात शिरली, पलीकडचा चढ चढली आणि समोरच्या बांधावर एका घंगाळात उघडी झाली. हवेसाठी तिने युक्ती केली. परशू रोज सकाळी रिकामी लॉरी घेऊन लाकूडतोडीच्या कच्च्या वाटेने जंगलात जाई, तेव्हा रामनगरला ठासून हवा भरलेली दोन जादा चाके वाडीपाशी ठेवी. त्या चाकांतली हवा झडपेतून बेताबेताने नळीत जाई. दुपारच्या आत लॉरी भरून परत येई आणि चाके घेऊन जाई. म्हणून प्रयोग होत तो सकाळी, दव अंगावर घेत.

आणि पहिल्याच सकाळी गणित हरले. टेबलावर शहाण्यासारखा एका जागी बसणारा काटा इथे नाचू लागला. चढे, चढे, चढत राही, मग एकाएकी खाली येई, आणि घंगाळात तेलाचा लोळ आदळे. पुन्हा शांतता. पुन्हा चढण. गणित एकच आकडा सांगत होते. कोणता आकडा खरा मानायचा?

केशरला कारण सुचले ते वाडीतल्या कुणालाही सुचले असते. थंडीत खोबरेल गोठते, हे तिथे मूल बोलू लागण्याआधी शिकते. ओहोळाच्या खोलगटात सकाळचा गारवा साचतो, तेल तिथे अधिक घट्ट होते, म्हणून अडते. तिने हे मनाशी धरले आणि घट्ट धरले. तेलाच्या दाटपणाचे आकडे ती बदलत राहिली. ओहोळातल्या नळीभोवती तिने भाताचा पेंढा गुंडाळला, वर जुनी गोधडी बांधली.

"नळीला गोधडी घातलीस," रुक्मा म्हणाली, "बापाला कधी विचारलंस थंडी वाजते का म्हणून?"

नागू चुलीपाशी बसला होता. "विचारलं न्हाई," तो म्हणाला, "पण वाजते."

गोधडी बांधली तरी काटा नाचत राहिला. पौष सरला, माघ लागला. केशर रोज पहाटे उठे, बांधावर जाई, झडप उघडी, काटा पाही, घरी येई, आकडे पुन्हा मांडी. हात थंडीने फुटले. एकदाही तिने गाऱ्हाणे केले नाही. भगीरथाची कथा आपण ऐकतो. स्वर्गातून गंगा निघाली आणि शंकराच्या जटेत अडली. कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, गंगा खोटी, तप खोटे. भगीरथाने कुणालाही खोटे म्हटले नाही. जिथे अडले तिथे तो पुन्हा उभा राहिला. केशरही उभी राहिली, पण तिची दृष्टी चुकीच्या जागी लागली होती, आणि ती वळवायला भगवंताने कुणाचा हात वापरला ते आता ऐका.

तिने सरांना निरोप धाडला, की एकदा येऊन काटा पाहा. सरांनी दिवस कळवला. कुंभारवाड्यापर्यंत सकाळी एक बस येते, थोडी टेकते आणि परत जाते. त्याच बसने येऊन त्याच बसने जायचे, असा त्यांचा बेत होता. त्या सकाळी परशूची चाके उतरवून घेऊन केशर पाहुण्यांना आणायला कुंभारवाड्यापर्यंत चालत गेली.

आता लखूमामाविषयी सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी घरापर्यंत आणायला त्या वाड्यांत बांबू चिरून पन्हळ करतात आणि बेचक्यांवर ती तोलून नेतात. लखूमामासारखी पन्हळ लावणारा आसपास दुसरा नव्हता. पन्हळ मध्येच खाली झोळली तर तिला म्हणतात पोट पडले. पोट पडलेल्या पन्हळीत पाला कुजतो, पाणी सांडते, आणि त्या घराला माणसे नावे ठेवतात. शिवाय भाचीच्या घरची पन्हळ मामाने लावायची, असा तिथला मान. लखूमामा महिनाभर भाचीची नळी ओहोळात लोळताना पाहत होता आणि मनातल्या मनात झुरत होता. आज तर बेळगावचे सर येणार. केशर वळणाआड गेली आणि मामाने कोयता उचलला.

सर आले. बांधावर चढताना दमले, पण काट्याजवळ उत्सुकतेने बसले. केशरने झडप उघडली. काटा चढला, आणि एका आकड्यावर जाऊन बसला. हलेना.

"कुठे नाचतोय?" सरांनी विचारले.

केशरने झडप पाहिली, चाके पाहिली, काट्यावर टिचकी मारली. घंगाळात तेल एकसारखे, आज्ञाधारकपणे पडत होते.

सरांनी तिचे आकडे पाहिले. "हा तर तुझ्या टेबलाच्या गणिताचाच आकडा आहे. केशर, तुझे गणित इथेही बरोबर ठरले. आनंदाची गोष्ट आहे. चल, बस उभी असेल तोवर जाऊ."

तेव्हा केशरची नजर ओहोळाकडे गेली. नळी खोलगटात नव्हतीच. हिरव्यागार बांबूच्या नव्या बेचक्यांवर ती ओहोळ सरळ ओलांडून गेली होती. पेंढा आणि गोधडी कडेला नीट घडी करून ठेवली होती.

"मामा, हे कुणी केलं?"

"कोण करणार? मीच." मामाने डोक्याचे फडके सोडून पुन्हा बांधले. "पावण्यासमोर पोट पडलेली नळी दाखवणार होतीस. लोक काय म्हणतील, हिला मामा न्हाई?"

"मामा, मला ते पोटच पाहिजे होतं."

"पन्हळीला पोट कुणाला पाहिजे असतं गे बाय?"

"मला."

"एवढं शिकून हेच शिकलीस?" मामा दुखावला होता. त्याच्या तळहातांना बांबूच्या शिळका लागून रक्त आलेले दिसत होते.

केशर बांधावर बसली. राग आला होता, तो तिने गिळला, आणि राग गिळल्यावर जी शांतता उरते तिच्यात तिला दिसले. ती उठून सरांपाशी आली.

"सर, तेल तेच आहे. हवा तीच. फक्त पोट गेलं आणि नाच थांबला. तेलाच्या दाटपणाचा दोष नव्हता. मी महिनाभर चुकीच्या ठिकाणी शोधत होते."

सर चटकन हो म्हणणारे नव्हते, म्हणूनच ते गुरू होते. "घाई करू नकोस. नळी पोटातून वर आली, तशी ती गारव्यातूनही वर आली. दोन गोष्टी एकदम बदलल्या. त्यातली नेमकी कोणती, हे तू कशावरून सांगशील?"

केशरने ओहोळाकडे पाहिले, मग आभाळाकडे. "मध्यान्हीला ऊन थेट ओहोळात उतरतं. तेव्हा नळी पुन्हा खाली सोडायची. गारवा नसेल, पोट असेल. काटा नाचला तर दोष पोटाचा."

दूर कुंभारवाड्याच्या बाजूला बसचा हॉर्न वाजला. सरांनी घड्याळ पाहिले.

"ही गेली तर?"

"उद्याची," रुक्मा मध्येच म्हणाली. "घर हाय की. कोनफळं उकडलीत, खाऊन बघा."

सरांनी घड्याळ खिशात ठेवले आणि चपला काढून बांधावर मांडी घातली.

उरला परशू. तो लाकडे भरून वेळेवर आला आणि चाके मागू लागला.

"थोडी कळ काढ, परशूदादा."

"अक्का, घाटात चाक बसलं तर मी काय करू?"

"माझ्या नावानं शिव्या दे."

"त्या मी आताच देतो, पण चाक हाताशी असावं लागतं." असे म्हणत तो लॉरीच्या सावलीत आडवा झाला. "एकदाच हां. आणि ते तेल माझ्या चाकाला लावू नको."

ऊन ओहोळाच्या तळाला टेकले. आता बेचक्या काढायच्या होत्या. केशर पुढे झाली, तोच मामाने तिला बाजूला केले.

"मी लावल्या, मीच काढणार. माझ्या हातानं पोट पाडायची पाळी आजवर आली न्हवती."

एक एक बेचकी त्याने उपसली. नळी हळूहळू खोलगटात उतरली आणि तापलेल्या खडकांवर टेकली. केशरने झडप उघडली. सगळे ओहोळाच्या काठी उभे होते. नळीच्या पोटात सोनेरी एरंडेल साचू लागले. साचता साचता त्याने नळीचे आतले तोंड बंद केले. मागची हवा अडली; वासरू म्हाताऱ्यामागे अडकले. काटा चढू लागला. हवा मागून दाटत होती, तेल पुढे सरकत होते, चढ चढत होते. मग एकाएकी नळी थरारली आणि घंगाळात तेलाचा लोळ आदळला. काटा पडला.

"थंडी नव्हे," सर म्हणाले.

"न्हाई," केशर म्हणाली. सरांसमोर घरची बोली तोंडून गेली, हे तिला कळलेही नाही.

लखूमामाने घंगाळात पाहिले. "हे असं उचकी लागल्यागत व्हायला पाहिजे होतं तुला?"

"व्हय मामा. आणि तुम्ही ती थांबवलीत म्हणून मला कळलं, ती लागते कशानं."

"मग मी बरं केलं का वाईट?"

"दोन्ही," केशर म्हणाली.

ही अर्धी वाट झाली. दोष सापडणे वेगळे, गणित जुळणे वेगळे. जुने गणित विचारत होते की जोर किती. आता त्याला विचारायचे होते की उचकी केव्हा. पोटात तेल किती साचले आणि त्याच्या मागे हवा किती दाटली, असे दोन हिशेब प्रत्येक क्षणाला जोडीने चालवायचे. केशरने तसे मांडले. उत्तर आले, पण गणितातल्या उचक्या खऱ्यापेक्षा भराभर येत होत्या. ती पुन्हा ओहोळात जाऊन बसली. या वेळी तिने काट्याकडे पाठ केली आणि नळीकडेच पाहत राहिली. तेव्हा दिसले की लोळ निघून गेल्यावर नळी रिकामी होत नाही. पळीला काकवी चिकटून राहावी तसे तेल आतून भिंतीला चिकटून राहते आणि सावकाश, अगदी सावकाश, पुन्हा पोटात ओघळते. पाणी असते तर झरकन उतरले असते. घट्ट तेलाला ओघळायला वेळ लागतो, म्हणून पुढची उचकी उशिरा येते. तेलाचा दाटपणा, ज्याचा ती महिनाभर पाठलाग करत होती, तो खोटा नव्हता. तो उभा होता दुसऱ्याच दाराशी. तिने ते ओघळणे गणितात घातले. हवा मंद सोडली की गणित आणि नळी एकमेकींशी जुळू लागल्या. हवा जोरात सोडली की मात्र जुळत नसत. तेल आणि हवा एकमेकांत घुसळली जात, फेस होई, आणि गणित मागे राही. ते कोडे तिच्याकडून सुटले नाही, आणि माघ संपत आला.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी केशर बेळगावला सरांपुढे बसली. सरांनी सगळा प्रबंध वाचला. शेवटच्या आलेखापाशी थांबले. तो जोरदार हवेचा आलेख होता. गणिताची रेघ एकीकडे, प्रयोगाचे ठिपके दुसरीकडे.

"हा एक आलेख काढलास, तर प्रबंधात बोट ठेवायला जागा राहणार नाही," सर म्हणाले. "मंद हवेपुरते तुझे काम चोख आहे. परीक्षक काही विचारणार नाहीत."

"पण सर, खऱ्या नळात कुणी हवा जोरात सोडली तर?"

"मग त्याचे गणित चुकेल."

"म्हणून त्याला आधी कळायला हवं."

सरांनी आलेख पुन्हा पाहिला. "परीक्षकांनी विचारले, की हे का जुळत नाही, तर काय सांगशील?"

"फेस होतो एवढं सांगेन. फेसाचं गणित मला येत नाही, हेही सांगेन."

सरांनी पेनाचे टोपण काढले. शेवटच्या पानावर, जिथे काम पूर्ण असल्याचे छापलेले होते, तिथे त्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडले, "मंद हवेच्या मर्यादेत," आणि पान तिच्याकडे सरकवले. केशरने ते वाक्य दोनदा वाचले. मग खाली आपले नाव लिहिले.

परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला. तिने नेमके तेच उत्तर दिले. पदवी मिळाली. पुढे केशरबाई तंत्रशाळेत शिकवू लागल्या, आणि सुट्ट्यांमागून सुट्ट्या त्या ओहोळात नळी टाकून फेसाशी झुंजत राहिल्या. त्यातले काही सुटले, काही अजून सुटायचे आहे.

हे विश्वंभरा, ज्याला जेवढे कळले तेवढेच कळले म्हणण्याचे धैर्य तू ज्या हृदयांत ठेवलेस, त्या हृदयांच्या संगतीत आम्हांला ठेव. एवढे मागून ही सेवा तुझ्या पायी ठेवतो.